'आवाज फाटणे' म्हणजे नेमकं काय? (अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीवरची चर्चा; बोलणाऱ्याच्या जागी त्याच्या गावाचं नाव आहे.)

विटा : अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला देताना आपल्याकडे जो तो एकच सांगतो, 'आवाज फाटतोय'. खरखर, हमिंग (सतत येणारी 'हूं' अशी गुणगुण), घुमणं, सगळं त्यातच. या शब्दाचा नेमका अर्थ काय धरायचा?

मिरज : आवाज वाढवल्यावरच जो दोष येतो, म्हणजे क्लिपिंग, त्यालाच 'फाटणे' म्हणावं. १२-०-१२ चा (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर असेल तर लोडवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसीला, म्हणजे चिपला, अधिक-उणे १४-१५ व्होल्ट मिळतात. आवाजाची लाट त्याच्या वर जाऊच शकत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. ८ ओहमच्या स्पीकरवर खरे वॅट ८-१० च, खोक्यावर पीएमपीओचा (जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॅटचा) आकडा कितीही मोठा असो. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीची ताकद वाढते आणि ती थेट ट्विटरवर (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरवर) जाते, म्हणून आधी तोच जळतो. तपासायला तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तार घोडीवर टेकून निघणारा झणकार) साफ असेल तर चारही तारा वेगळ्या कळतात. फाटायला लागलं की सगळ्याचा मिळून एकच चरचराट होतो. नॉब थोडा मागे घ्या, तारा परत सुट्या झाल्या तर दोष क्लिपिंगचाच.

सांगली : आणि हळू आवाजात चिरफळ्या येतात, मोठा केला की साफ होतो, ते?

मिरज : ते फाटणं नव्हे, क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. लाट शून्यावरून जाताना एक आउटपुट ट्रान्झिस्टर काम सोडतो, दुसरा धरतो. बायस (आवाज नसतानाही दोघांतून वाहता ठेवलेला थोडा करंट) कमी असेल तर मध्ये खाच पडते. इनपुट बंद ठेवून प्रीसेट (बायस कमी-जास्त करायचा बोर्डावरचा छोटा स्क्रू) अगदी हळू फिरवा, मीटर ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर. १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. हीटसिंक तापून आकडा आपोआप चढत राहिला तर प्रीसेट लगेच मागे घ्या, नाहीतर ट्रान्झिस्टर जातील. आयसीच्या बोर्डावर हा प्रीसेट नसतोच.

तासगाव : 'खरखर' हा शब्द मात्र नॉब फिरवताना येणाऱ्या आवाजालाच. क्लीनर मारूनही चार दिवसांत परत आली तर व्हॉल्यूमचा कंट्रोल बदलू नका, आधी कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) बघा. तो लीक असला की नॉबवर डीसी येतो.

विटा : हमिंगचं काय?

तासगाव : व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही राहिलं तर फिल्टर कपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारा) सुकलाय. कमी झालं तर इनपुटची वायर किंवा अर्थिंग.

मिरज : 'घुमणं' राहिलं. त्यात अ‍ॅम्प्लिफायरचा सहसा दोष नसतो. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढा, मगच अ‍ॅम्प्लिफायर खोला.