गोगलगायी मोजून माणसाला औषध मिळतं का?

लेकीचा_बाबा:
लेकीने काल जाहीर केलं, डॉक्टर व्हायचं नाही, समुद्री जीवशास्त्र शिकायचंय. मी बोलून गेलो, "माणसं बरी करायची सोडून गोगलगायी मोजणार?" तेव्हापासून अबोला. त्यातून औषधांना खरंच काही हाती लागतं का? मी पडलो हिशेबातला माणूस.

रात्रपाळी:
माझी रोजीरोटीच त्यावर चालते. इंजेक्शनं बनतात तिथे मी तपासणीत आहे. जिवाणू मेले तरी त्यांचं एंडोटॉक्सिन नावाचं विष मागे उरतं, आणि ते शिरेत गेलं की सणकून ताप. म्हणून काचेच्या नळीत ०.१ मिलि नमुना, तेवढंच एलएएल (एंडोटॉक्सिन असलं की साकळणारा अर्क), ३७ अंशांवर एक तास. मग नळी अलगद उचलून पूर्ण उलटी करायची. ओघळलं तर पास. तळाला गच्च चिकटून राहिलं तर बॅच अडली. त्या तासात कोणी टेबलाला धक्का दिला की मी खेकसते. साकळत आलेलं मोडतं आणि वाईट माल चांगला दिसतो.

हे एलएएल म्हणजे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क. संशोधक फ्रेडरिक बँग अमेरिकेतल्या वुड्स होलला या प्राण्यांना जिवाणू टोचून बघत होते, तेव्हा रक्त आतल्या आत साकळलेलं दिसलं. ते १९५६ मध्ये छापून आलं. इंजेक्शनची चाचणी त्यांच्या डोक्यातही नव्हती. चाचणी पुढे जॅक लेविन यांच्यासोबत घडली. तोवर सशाला टोचायचं आणि ताप चढतो का बघत बसायचं.

वॉर्डातली:
काका, गोगलगायीवर घसरलात तिथेच चुकलात. कोनस मॅगस ही समुद्री गोगलगाय विषारी काटा मारून मासे पकडते. त्या विषातल्या एका रेणूवरून झिकोनोटाइड हे औषध आलं, २००४ साली अमेरिकेत मान्यता. कशानेच न थांबणाऱ्या वेदनांसाठी, पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. आमच्याकडे रक्ताच्या कर्करोगाला रोज लागणारं सायटॅराबिनही स्पंज या समुद्री प्राण्यात सापडलेल्या रेणूंच्या धर्तीवर बनवलेलं.

लेकीचा_बाबा:
गोगलगायीचं तिला वाचून दाखवलं. "माहितेय," म्हणाली. एवढंच, पण बोलली! तो खेकडा मरतो का हो?

रात्रपाळी:
खेकडा नव्हेच तो, कोळ्याच्या जवळचा. बरंचसं रक्त काढून परत समुद्रात सोडतात, पण काही दगावतातच. त्याच्या रक्तातलं, एंडोटॉक्सिन ओळखणारं फॅक्टर सी हे प्रथिन आता प्रयोगशाळेतही बनवतात. आमच्या फ्रीजमध्ये मात्र अजून जुन्याच बाटल्या.