कॅलप्रोटेक्टिन ६४० : आतड्यात नेमक्या कुठल्या पेशी भडकल्यात?

सुरंगी, दापोली
अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेच्या) पेशंटचं स्टूल कॅलप्रोटेक्टिन (शौचातून मोजतात ते सुजेचं प्रथिन) ६४० आलंय. "स्वतःच्याच पेशी आतड्यावर उलटल्यात" यापलीकडे कुणी सांगत नाही. कुठल्या पेशी? आणि इन्फ्लिक्सिमॅब या सूज आवरणाऱ्या औषधाआधी टीबीच्या तपासण्या कशाला?

खाडीकाठ
सुरंगीताई, हा आकडा न्यूट्रोफिलचा. या पांढऱ्या पेशींच्या रसातलं निम्म्याच्या आसपास प्रथिन कॅलप्रोटेक्टिनच असतं. रक्तातून त्या आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथल्या नळीसारख्या ग्रंथींत साचून बारीक गळवं करतात, फुटतात आणि स्टूलमध्ये उतरतात. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत नॉर्मल. २५०च्या वर सूज चालू आहे असं धरून पुढच्या तपासण्या करायच्या.

पण न्यूट्रोफिल आपण होऊन येत नाहीत. अस्तराखालच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) आणि डेंड्रिटिक (जंतूंची ओळख पटवणाऱ्या) पेशी आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंनाच शत्रू समजून आयएल-२३ हा पेशींमधला निरोप्या रेणू सोडतात. त्यावर टीएच-१७ पेशी (सूज पेटवणाऱ्या टी-पेशी) पोसतात आणि आयएल-१७ हा दुसरा निरोप्या सोडून न्यूट्रोफिलना बोलावून घेतात. टीएच-१७ना आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी-पेशी कमी पडतात, म्हणून सूज उतरत नाही. मग आयएल-१७च अडवावं, असं कुणालाही वाटेल. क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा याच जातीचा दुसरा आजार) सेक्युकिनुमॅब हे आयएल-१७ अडवणारं औषध देऊन तेही करून पाहिलं. फायदा राहिला बाजूला, आजार बळावला. कारण आयएल-१७ अस्तराची वीणही घट्ट ठेवतं. एक पायरी वर, आयएल-२३ अडवलं की मात्र गुण येतो. या आजारात हे समजून घेणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

कातळसडा
औषध बदलण्याआधी नमुन्याची खात्री करा. लावणीच्या दिवसांत कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली असेल तर आकडा चढतो, पावसाळी जुलाबानेही चढतो. म्हणून स्टूल कल्चर (शौचातले जंतू वाढवून पाहणं) आणि अमीबाची तपासणी सोबतच करून घ्या. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा, सुपारीएवढा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डबीत. लघवी-पाणी लागू देऊ नका. एसटीने रत्नागिरीला पाठवताना डबी इंजिनाजवळ नको, थर्मासमध्ये बर्फाच्या पाकिटासोबत द्या. तापला की प्रथिन तुटतं आणि आकडा खोटा कमी येतो.

खाडीकाठ
टीबीचं राहिलं. निद्रिस्त टीबीचे जंतू मॅक्रोफेजच्या गाठीत कोंडलेले असतात आणि ती गाठ टीएनएफ या सुजेच्या निरोप्या रेणूच्या जोरावर टिकते. इन्फ्लिक्सिमॅब नेमकं टीएनएफच अडवतं. गाठ सुटली की जंतू मोकळे. म्हणून पहिल्या सलाइनआधी छातीचा एक्स-रे, शिवाय मँटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) किंवा इग्रा (टीबीची रक्तचाचणी). स्टिरॉइड चालू असताना मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा किती दिवस कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.