इटलीत जहाज थांबणार आहे, नेपल्स बघू की रोमला पळू?

तापीकाठची_पोर

नमस्कार मंडळी, मी चोपड्याची, सध्या शिकायला बाहेर आहे आणि या सेमिस्टरला आमचा अख्खा वर्ग जहाजावर असतो, म्हणजे समुद्रात असताना लेक्चर आणि बंदर आलं की खाली उतरून बघायचं, लिहायचं, सबमिट करायचं. ऑक्टोबरमध्ये आमचं जहाज नेपल्सला लागतंय. पहाटे लागेल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघेल, रात्री झोपायला जहाजावरच यायचं. कॉलेजच्या टूर आहेत पण त्यांचे पैसे बघून डोळे फिरले, आणि मला स्वतःच्या पायानं फिरायचंय.

माझा विषय इतिहास. ग्रुपमधले सगळे म्हणतायत की नेपल्समध्ये काय ठेवलंय, रोमला जाऊ, कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं सगळं एका दिवसात उरकू. मला मात्र पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते जुनं रोमन शहर, बघायचंच आहे, शाळेत पुस्तकात चित्र बघितलं तेव्हापासून डोक्यात बसलंय. एकटी पडले तरी जाऊ का? ट्रेन कुठून मिळते, व्हिसाचं काय, आणि मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, तर तिथे खायचं काय? आई रोज फोनवर हेच विचारते. कुणी खरंच जाऊन आलेलं असेल तर सांगा प्लीज.

भुसावळ_जंक्शन

आपली पोर इटलीले चालनी, आयकीसन भारी वाटनं! मी मर्चंट नेव्हीत इंजिनवर आहे, नेपल्सला बऱ्याचदा लागलोय, म्हणून आधी कामाचं सांगतो.

व्हिसा. आम्हा क्रूचं वेगळं असतं, क्रू लिस्टवर नाव असलं की बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत व्हिसाशिवाय फिरता येतं. तू विद्यार्थिनी असलीस तरी कागदावर प्रवासी आहेस, त्यामुळे तुला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागणारच. आणि जहाज मधेच मोरोक्को किंवा तुर्कीला लागून परत स्पेन-ग्रीसकडे वळणार असेल तर मल्टिपल एन्ट्रीच घे, सिंगल एन्ट्रीवर दुसऱ्या वेळी खाली उतरू देणार नाहीत. हे ऑफिसवर सोडू नको, स्वतः शिक्का बघ.

नेपल्सची गंमत ही की बंदर शहराच्या अगदी पोटात आहे. रोमचं बंदर म्हणतात ते चिव्हिताव्हेकिया, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. नेपल्सला तसं नाही, गेटमधून बाहेर पडलीस की समोर कास्तेल नुओव्हो किल्ला आणि तिथेच मुनिचिपियो नावाचं मेट्रो स्टेशन. लाईन १. एका बाजूला तिसरं स्टेशन गारिबाल्दी, तिथून पॉम्पेईची ट्रेन. दुसऱ्या बाजूला तिसरं स्टेशन म्युझिओ, तिथे पुराणवस्तू संग्रहालय. एवढं लक्षात ठेवलंस तरी अर्धं नेपल्स हातात आलं.

पॉम्पेईची ट्रेन म्हणजे चिर्कुमव्हेझुव्हियाना. ती म्हणजे आपली भुसावळ-सुरत पॅसेंजर समज, गर्दी, उभं राहायचं, पाकीट पुढच्या खिशात. शक्य असेल तर गारिबाल्दीऐवजी चालत पोर्ता नोलानाला जा, ट्रेन तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते. सोरेंतोच्या गाडीत बसायचं आणि "पॉम्पेई स्काव्ही, व्हिला देई मिस्तेरी" या स्टेशनला उतरायचं. नुसतं पॉम्पेई नावाचंही स्टेशन आहे, ते गावातलं, खंडहरांपासून लांब. साधारण ३५-४० मिनिटं लागतात.

आणि परतीची वेळ जहाजाच्या घड्याळावर बघायची, मोबाईलच्या नाही, कधी कधी जहाजावर घड्याळ बदलत नाहीत. पोर्ट एजंटचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव. इटलीत ट्रेनचे संप होतात, आधी जाहीर करतात, "शोपेरो" शब्द दिसला की सावध.

अमळनेर_टू_पुणे

मी जरा वेगळं सांगतो. पोरी, रोम सोडू नकोस. नेपल्स सेंत्राले स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन सव्वा तासाच्या आत रोमा तेर्मिनीला टाकते, आधी बुक केली तर तिकीटही परवडतं. सेंट पीटर्स बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ दोन हजार वर्षांच्या आसपासचं, डोक्यावर काँक्रीटचा घुमट आणि मधोमध उघडं भोक, त्यातून पाऊस थेट आत पडतो, ते बघून मी तरी जागेवर थिजलो होतो. परत कधी इटलीला जाशील काय सांगता येतं? आपल्याकडून एकदा जायचं म्हटलं तरी घरचं एक वर्ष निघून जातं.

केळीवाला_रावेर

दादा, रोम एका दिवसात म्हणजे रांगेत उभं राहून रांगा बघणं. कोलोसियमची रांग, व्हॅटिकन म्युझियमची रांग, मधे पळापळ, आणि सगळा वेळ डोक्यात जहाज. मी केळीच्या एक्सपोर्टच्या कामानं गेलो होतो, सोबत मुलगा होता, आम्ही नेपल्समध्येच राहिलो आणि मला ते शहर लई आवडलं. गल्लीत वर दोऱ्यांवर कपडे वाळतायत, खाली स्कूटर, बाया बाल्कनीतून बास्केट सोडून भाजी वर घेतात. आपल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

खाण्याचं सांगतो. पिझ्झा मारिनारा माग, त्यात चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, बस. नेपल्सचा पिझ्झा मधे ओलसर आणि कडेला फुगलेला, करपलेले काळे ठिपके असतात, ते जळलेलं नाही, भट्टीच तशी कडक असते. मार्गेरिटाही शाकाहारी दिसते पण तुमच्या घरचं कडक असेल तर चीज विचारून खा, पार्मेझान चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) घालूनच करतात. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओव्हा" म्हण, मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. पास्ता ए फाजिओली म्हणजे घेवड्याची पातळ भाजी आणि पास्ता, ते पण चांगलं, फक्त डुकराची चरबी घातली नाही ना ते विचार. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायची, टेबलावर बसलीस की जास्त पैसे, आणि बिलात "कोपेर्तो" दिसलं तर ती फसवणूक नाही, बसायचा आकार असतो.

घरून आई काही देणार असेल तर शेव, बिबडे, शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. पेढे, तूप, खवा नको, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळंही कागदाशिवाय चालत नाहीत, अपवाद पाच फळांना, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! रावेरच्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल विचार कर.

धुळेकर_सर

बेटा, मी निवृत्त शिक्षक, इतिहासच शिकवला, आणि मुलीकडे गेलो तेव्हा नेपल्स मनसोक्त बघितलं. तुझा विषय इतिहास आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पॉम्पेईला जायच्या आधी किंवा नंतर नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात जायलाच पाहिजे, कारण पॉम्पेईतल्या चांगल्या वस्तू तिथे आहेत. मंगळवारी बंद असतं ते. तिथल्या "गाबिनेत्तो सेग्रेतो" म्हणजे गुप्त दालनाची चौकशी कर. त्यात एक हस्तिदंती बाई आहे, वीतभर उंचीची, अंगावर दागिने भरगच्च, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ साली पॉम्पेईच्या व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मोठ्या रस्त्यावरच्या एका घरात सापडली. सगळे तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, पण बरेच अभ्यासक यक्षी मानतात. वरपासून आरपार भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती आपल्या शेजारी भोकरदनच्या उत्खननात निघाली, तेरलाही मिळाली, म्हणून ती दख्खनमध्ये घडली असं बरेच अभ्यासक म्हणतात. बुडाशी खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे वाद संपलेला नाही.

आता विचार कर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणजे बाई त्याच्या आधीच तिथे पोचलेली. त्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक खलाशी-पुस्तकात लिहिलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर भडोच बंदराला जायचा. दख्खनवरून भडोचला जायचं म्हटलं की घाट उतरून खान्देशातूनच वाट, चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची लेणी अशाच वाटेवर कोरलेली आहेत. ती मूर्ती नेमकी कुठल्या गाडीतून गेली कुणी सांगू शकत नाही, पण मी त्या काचेसमोर उभा होतो तेव्हा पाय हलेनात माझे. रोमला गेलेली पोरं हे बघणार नाहीत.

चित्रंही नीट बघ. पॉम्पेईवाल्यांनी चुन्याचा गिलावा ओला असताना रंग लावला, अजिंठ्यात माती, तूस, गवताच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन ते सुकल्यावर रंगवलं. नववं आणि दहावं लेणं तर पॉम्पेई गाडलं गेलं त्याच्याही आधीचं. आणि १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहूनच लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघांना आणलं होतं. सुटलेले पापुद्रे त्यांनी चिकटवले, वर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं व्हर्निश दिलं, ते पुढे पिवळं-काळं पडत गेलं आणि नंतरच्या लोकांना ते काढत बसावं लागलं. जळगाव स्टेशनला उतरून अजिंठ्याला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? तुझ्या सबमिशनला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

पॉम्पेईत रस्त्यावर बसून खाली बघ. काळ्या लाव्हाच्या फरशा, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेले, पाण्यात पाय भिजू नयेत म्हणून, दोन दगडांमधल्या फटीतून चाकं जायची. बेकरीत जाती आहेत, कमरेएवढी, भट्टी आहे. त्या गावातल्या भट्ट्यांतले जळून कोळसा झालेले पाव संग्रहालयात ठेवलेत, गोल, आठ भाग पाडलेले, तुकडा मोडून घ्यायला सोपा. मी त्या पावापुढे फार वेळ थांबलो.

तापीकाठची_पोर

सर, अंगावर काटा आला वाचून. मी भोकरदनला मावशीकडे किती वेळा गेलेय आणि कुणी कधी हे सांगितलं नव्हतं. ठरलं, ग्रुपला रोमला जाऊ दे. एक मैत्रीण केरळची आहे, तिला विचारलं तर ती लगेच तयार झाली. आता फक्त हे सांगा, पहिल्या दिवशी पॉम्पेई आणि दुसऱ्या दिवशी म्युझियम की उलट? आणि पॉम्पेईसोबतच गाडल्या गेलेल्या एर्कोलानोबद्दल पण ऐकलंय, ते जमेल का?

भुसावळ_जंक्शन

पहिल्या दिवशी पॉम्पेई. लांबचं काम आधी, जहाज सुटायच्या दिवशी बंदराजवळच राहायचं, हा नियम मी कधी मोडत नाही. दुसऱ्या दिवशी संग्रहालय आणि जुनं शहर, स्पाक्कानापोली गल्ली, सगळं चालत. तो दुसरा दिवस मंगळवार येतोय का बघ, आला तर उलटं कर.

एर्कोलानो त्याच ट्रेनवर वाटेत लागतं, स्टेशन "एर्कोलानो स्काव्ही". पॉम्पेईपेक्षा बरंच लहान, दोन-अडीच तासांत होतं, आणि तिथे लाकडी तुळया, दरवाजे, पलंग जळून कोळसा होऊन तसेच टिकलेत. पण एका दिवसात दोन्ही केलंस तर पाय राहणार नाहीत. पॉम्पेईलाच पूर्ण दिवस दे.

केळीवाला_रावेर

तिकीट ऑनलाईन आधीच काढ, आता पॉम्पेईत दिवसाला २० हजारच लोक सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेव. १८ ते २५ वयाची सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांनाच आहे, आपल्याला पूर्ण तिकीट पडतं, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतं, तारीख जुळतेय का बघ. ऑक्टोबरअखेरपर्यंत सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडं, साडेपाचनंतर आत घेत नाहीत. मोठी सॅक नेऊ नका, गेटवरच ठेवायला लावतात. सावली जवळजवळ नाही, टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, आत नळ आहेत तिथे भरता येते. आणि चपला नको, बूट घाला, त्या फरशांवर घोटा मुरगळतो.