सेर-एस्तार आणि तिबेटी 'दुग'

स्पॅनिशमध्ये 'असणं'साठी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. 'सेर म्हणजे कायमचं, एस्तार म्हणजे तात्पुरतं, आणि तिबेटीतही तीच विभागणी' असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. मेलेला माणूस स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तारच. मरणाहून कायमचं काय असणार? हां, चाखून बघितलेलं सूप 'एस्ता रिका' (चवदार आहे) होतं, म्हणजे स्वतः अनुभवलेलं, तिथे तिबेटीशी धागा जुळतो. पण स्पॅनिशमध्ये ती नुसती छटा. ल्हासाच्या बोलीत व्याकरणच. एखादी वस्तू कुठे 'आहे' हे सांगताना स्वतः पाहिली असेल तर 'दुग', स्वतःचीच असेल तर 'यो', सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट असेल तर 'योरे'. (गंमत म्हणजे एस्तारचं मूळ लॅटिनमधलं 'उभं राहणं', आणि दुगचं 'बसणं'!)

प्रश्नांचा मुद्दा मात्र आणखी वेगळा. "तू तिबेटी आहेस का?" हे विचारताना 'रे' (दुसऱ्याबद्दलचं 'आहे') नाही, 'यिन' (स्वतःबद्दलचं 'आहे') येतं, कारण समोरचा स्वतःबद्दल उत्तर देताना यिनच म्हणणार. म्हणजे क्रियापद उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून निवडायचं. आपल्या 'चहा गोड आहे' आणि 'चहा गोड असतो' यांतला फरक सेर-एस्तारच्या आसपास तरी जातो, पण असली अदलाबदल मराठीत नाही.