फायब्रोमायल्जिया: चाललं की दोन दिवस अंग ठणकतं. चालायचं की थांबायचं?

निशिगंध: वहिनींना (वय ४१) फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान झालंय. रक्तपेशी, सूज आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या (सीबीसी, ईएसआर, सीआरपी, टीएसएच) नॉर्मल. रात्री प्रीगॅबलिन (नसांच्या वेदनेवरचं औषध) ७५ मिग्रॅ चालू आहे. "रोज चाला" असं सांगितलंय, पण पाऊण तास चाललं की पुढचे दोन दिवस अंग ठेचल्यासारखं होतं. रिपोर्ट चांगले आहेत तर दुखतं कशानं, असं घरचे विचारतात. आराम करणंच बरं का?

फिजिओ_माधवी: आराम नको. चूक चालण्यात नाही, पाऊण तासात आहे.

या आजारात स्नायू किंवा सांधे झिजलेले वा सुजलेले नसतात, म्हणून रिपोर्टांत काही सापडत नाही. बिघाड असतो वेदनेच्या यंत्रणेत. साधा दाब, गारठा यांचे संदेशसुद्धा मज्जारज्जू आणि मेंदू मोठे करून घेतात, आणि वेदनेला आवर घालणारी मेंदूची व्यवस्था कमी पडते. दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण चालल्यावर दुखलं म्हणजे आत काही इजा झाली, असं नाही. घरच्यांना आधी हे सांगा. "मनाचे खेळ" हे शब्द ऐकून माणूस अजून खचतो.

आता चालण्याचं. आठवडाभर वहीत लिहा: वाईट दिवशीही किती मिनिटं चाललं तर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत नाही? समजा १० मिनिटं. मग सुरुवात ७-८ मिनिटांनी, आठवड्यातून ५ दिवस, चालता चालता बोलता येईल अशा वेगानं. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी १-२ मिनिटं वाढवा. अर्ध्या तासापर्यंत पोचायला काही महिने लागतात, लागू देत. वाढवल्यावर दुखणं दिवसभरात उतरलं तर ठीक. दोन दिवस टिकलं तर मागच्या टप्प्यावर या. खूप वाईट दिवशी निम्मं चाला, पण पूर्ण बंद नको.

सगळ्यात जास्त घात होतो तो चांगल्या दिवशी. बरं वाटतंय म्हणून माळा आवरायचा, गाद्या उन्हात घालायच्या, दळणही आणायचं, आणि मग तीन दिवस अंथरूण. किती करायचं ते घड्याळानं ठरवा, त्या दिवशीच्या उत्साहानं नाही.

फार्मा_विनय: औषधाबद्दल. ७५ मिग्रॅ ही सुरुवात आहे. औषधाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत उपयोग दिसला तो दिवसाला ३०० ते ४५० मिग्रॅवर. त्यामुळे "गोळी लागू पडत नाही" हे इतक्यात ठरवू नका. डोस डॉक्टरच हळूहळू वाढवतील. चक्कर, गुंगी, पायांवर सूज, वजन वाढणं यांवर लक्ष ठेवा. अचानक बंद करू नका, कमी करत न्यायला किमान आठवडा लागतो.

दुसरे पर्याय म्हणजे ॲमिट्रिप्टिलिन (१० मिग्रॅ, झोपेच्या तास-दोन तास आधी) किंवा ड्युलोक्सेटीन (३० मिग्रॅ, आठवड्यानं ६०). ड्युलोक्सेटीन चालू असताना कुणी ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक लिहिलं तर तिथेच सांगा. दोन्ही मिळून मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन फार वाढू शकतं आणि थरथर, घाम, ताप येऊ शकतो. डायक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी रोज घेऊन फायदा नाही, कारण उतरवायला सूजच नाही. पोट आणि मूत्रपिंडं मात्र भोगतात. बिनलेबलच्या पुड्या तर नकोतच, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठामपणे सुचवलेला उपाय एकच होता, व्यायाम. गोळ्या त्यानंतर.

निशिगंध: मिनिटांचा हिशोब आजपासून सुरू करतो. झोप मात्र आठ तास होऊनही त्या थकलेल्याच उठतात.

फिजिओ_माधवी: न ताजी करणारी झोप हे या आजाराचंच लक्षण आहे. पण त्या जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात का, हे विचारा. पहिल्या दोहोंसाठी झोपेची तपासणी, तिसऱ्यासाठी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी). उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. आणि सांध्यावर दिसणारी सूज, ताप, कारण नसताना वजन घटणं किंवा खाली बसल्यावर उठता न येण्याइतकी कमजोरी आली, तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.