न्यायाधीशांचा हिशेब तितका सरळ नाही

समलिंगी विवाह आणि धर्मस्वातंत्र्य हे प्रश्न महत्त्वाचे वाटणाऱ्या अमेरिकी ख्रिस्ती मतदाराने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोण नेमणार एवढेच पाहून मत द्यावे, असा एक मुद्दा मांडला जातो; तो मला अर्धाच पटतो. समलिंगी व पारलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीत संरक्षण देणारा जून २०२० मधील 'बोस्टॉक' निकाल ट्रम्प यांनीच नेमलेल्या नील गोर्सच यांनी लिहिला. उलट पुढच्याच वर्षी, समलिंगी जोडप्यांना निराधार मुलांचा तात्पुरता सांभाळ करणारे (फॉस्टर) पालक म्हणून प्रमाणित करण्यास नकार देणाऱ्या फिलाडेल्फियातील कॅथलिक संस्थेच्या बाजूने नऊही न्यायाधीशांनी कौल दिला. उदारमतवादी तिघे त्यांतच आले.

कायदेमंडळाचा विषय तर या मुद्द्यात निघतच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बायडन यांनी सही केलेल्या, समलिंगी विवाहांना केंद्रीय कायद्याने मान्यता देणाऱ्या कायद्यात, असा विवाह लावण्याची किंवा त्यासाठी जागा देण्याची सक्ती धार्मिक संस्थांवर होणार नाही, असे कलम आहे. म्हणूनच मॉर्मन चर्चने, विवाहाबद्दलची स्वतःची शिकवण न बदलता, त्याला पाठिंबा दिला. सिनेटमध्ये १२ रिपब्लिकनांनीही बाजूने मत दिले. निवडणुकीआधी चर्चमध्ये वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत मात्र उमेदवाराच्या नावापुढे बहुधा 'समर्थन' आणि 'विरोध' एवढेच पर्याय असतात, त्यामुळे या कायद्याला मत देणाऱ्या सिनेटरची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे ते पत्रक लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.