मदत हवी आहे : पॅरिशच्या कार्यक्रमांत मुखवट्यांना बंदी, मग मुलांच्या नाताळच्या नाटकाचं काय करू?

वसईची_बार्देशात

नमस्कार. मी मूळची वसईची, लग्नानंतर गोव्यात आले. आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजात) रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. नाताळच्या आधीच्या रविवारी मुलांचं येशूजन्माचं नाटक असतं, ते बसवण्याचं काम माझ्याकडे आहे.

यंदा विगार, म्हणजे पॅरिशचे मुख्य फादर, बदलले. नव्या फादरांनी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत कार्यक्रमांचे नवे नियम वाचून दाखवले आणि नंतर ते नोटीस बोर्डावर लागले. चर्चच्या आत कुणी वेशभूषा करून यायचं नाही. हॉलमध्ये आणि आवारात वेशभूषा चालेल, पण चेहरा झाकणारा मुखवटा कुणीही घालायचा नाही. नाताळचा ट्री, फेस्ताची (चर्चच्या सणाची) संध्याकाळ, इंत्रुजचा (कार्निव्हलचा) नाच, सगळ्याला हाच नियम. भुताखेतांचे पोशाख तर अजिबात नकोत.

आधीचे फादर एवढंच सांगायचे, की कपडे शालीन असावेत. करोनाच्या दिवसांत तोंड झाकल्याशिवाय आत घेत नव्हते, ती गोष्ट वेगळीच होती. त्यामुळे एवढा स्पष्ट नियम मुलांनी पहिल्यांदाच ऐकला.

माझा या नियमाला सरसकट विरोध नाही. ख्रिसमस फादरचा (सांताक्लॉजचा) तो गुलाबी प्लॅस्टिकचा मुखवटा मला कधीच आवडला नाही. दोन-तीन वर्षांची पोरं त्याला बघून किंचाळतात, आणि आत कोण आहे हे आईबापांनाही ठाऊक नसतं. अनोळखी मोठ्या माणसानं चेहरा झाकून मुलांना मांडीवर घ्यावं, हे बंद झालं ते चांगलंच झालं.

पण माझ्या नाटकात बैल आहे, गाढव आहे, मेंढरं आहेत आणि राजांचे उंट आहेत. त्यांचे मुखवटे मुलांनी पावसाळ्यात स्वतः कागदाचा लगदा करून बनवले. शिंगं वाळवली, रंग दिले, पाठीमागे आपापली नावं लिहिली. वर्गात एक मुलगा आहे, तो चारचौघांत तोंड उघडत नाही. गाढवाचा मुखवटा घातला की मात्र तो मरियामाशी बोलतो, सगळी वाक्यं पाठ म्हणतो. त्याला आता काय सांगू?

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हा नियम वरून, म्हणजे ख्रिस्तसभेच्या (साऱ्या कॅथोलिक चर्चच्या) कायद्यातून आला आहे की आमच्याच पॅरिशचा आहे? तुमच्याकडे मुलांच्या नाटकाला सवलत असते का? आणि फादरांशी बोलताना विषय कसा काढावा? ते नवे आहेत आणि मन लावून काम करतात. पहिल्याच नाताळात त्यांच्याशी वाद घालायला आले आहे, असं त्यांना वाटायला नको.

सासष्टीचा_वाचक

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मुखवट्यांवर सरसकट बंदी घालणारा नियम साऱ्या ख्रिस्तसभेसाठी नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, १२१० व्या कलमात पवित्र जागेबद्दल सांगितलं आहे. उपासना, भक्ती आणि धर्म यांना उपयोगी पडेल तेवढंच तिथे होऊ द्यावं, त्या जागेच्या पावित्र्याशी न जुळणारं काही नको. एखाद्या प्रसंगापुरती वेगळ्या वापराची परवानगी बिशप देऊ शकतात, पण तीही पावित्र्याला बाधा येत नसेल तरच. हे कलम चर्चसाठी आणि कपेलांसाठी (छोट्या प्रार्थनाघरांसाठी) आहे. पॅरिश हॉल त्यात येत नाही. हॉलमध्ये काय चालावं हे विगार ठरवतात, आणि ५३६ व्या कलमाप्रमाणे कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. म्हणजे नियम तुमच्या पॅरिशचा आहे, आणि तो सैल करण्याचा अधिकारही फादरांनाच आहे. आर्चबिशप हाऊसला पत्र लिहायची गरज नाही.

आणखी एक. १९७३ साली रोमहून मुलांच्या मिस्सांसाठी सूचना निघाल्या होत्या. वाचन पात्रं वाटून घेऊन मुलांकडून करून घेता येतं असं त्यात म्हटलं आहे, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखसहनाचं वाचन जसं वाटून करतात तसं. त्यात पोशाखाची गरज नाही. तेवढा भाग मिस्सात वाचनाच्या रूपात घ्या आणि नाटक मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये करा. फादर याला नाही म्हणणार नाहीत.

कासावलीची_सून

आमच्याकडे ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त असतं. कासावली, आरोशी आणि कुयेली अशा तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. घोड्यावर बसून, मुकुट घालून ते कुयेलीच्या डोंगरावरच्या कपेलाकडे जातात. रेईश मागूशला आणि चांदरलाही त्याच दिवशी राजे निघतात. भरजरी पोशाख, डोक्यावर मुकुट आणि चेहरा उघडा. आपला मुलगा राजा झालेला घरच्यांना बघायचा असतो, शेजाऱ्यांना बघायचा असतो. वेशभूषेला गोव्याच्या ख्रिस्तसभेत चांगली जागा आहे, हे फादरांना सांगायला तुम्हाला याचा उपयोग होईल.

म्हापशाहून

स्पष्ट लिहितो. विगार बदलला की नियम बदलतो, आणि दरवेळी लोकांनी मान हलवायची. गोव्यात धर्माच्या नावानं पोशाख ठरवले गेले, त्याचा इतिहास कडू आहे. पोर्तुगीज काळात इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) १७३६ च्या फर्मानानं इथल्या ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी वापरायला मनाई केली होती. आज त्याच पॅरिशच्या स्टेजवर मुली कापड (कुणबी साडी) नेसून कुणबी नाच करतात आणि फादर पहिल्या रांगेत बसून टाळ्या देतात. नियम माणसं करतात आणि माणसंच बदलतात. ताई, बिनधास्त विचारा.

सासष्टीचा_वाचक

इतिहास खरा आहे, पण या फादरांना त्या तराजूत घालू नका. तेव्हा लोकांची ओळख पुसायची होती. इथे मुलांजवळ येणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा दिसावा एवढंच मागणं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, पोप फ्रान्सिस यांचा लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींविषयीचा हुकूम २०१९ चा. त्यानंतर पॅरिशमध्ये मुलांचे कार्यक्रम घेणाऱ्यांवर जबाबदारी वाढली आहे. फादरांच्या मनात बहुतेक हेच असणार. ताईंनी त्यांना आधी कारण विचारावं, मग सवलत मागावी.

पेडण्याचा_ड्रेपरीवाला

मी ख्रिस्ती नाही, पण माझा धंदा सोंगांचाच. दशावताराची, शिगम्याची ड्रेपरी (सोंगांचे कपडे) देतो, नाताळाला पऱ्यांचे पंख आणि राजांचे मुकुट माझ्याकडूनच जातात. ताई, मुखवट्याशिवाय जनावर होत नाही असं समजू नका. आमच्या दशावतारातही मुखवटा ठरावीक पात्रांनाच असतो, गणपतीला असतो, संकासुराला असतो. बाकी राजा असो की राक्षस, चेहरा रंगवूनच उभा राहतो. पेरणी समाजाच्या जागरात मात्र लाकडी मुखवटे असतात, पण तो देवाचा विधी आहे आणि ते घालणारे त्या घराण्यातलेच असतात.

मुलांना पूर्ण मुखवटा घातला की तीन अडचणी येतात. आवाज आत घुमतो आणि मागच्या रांगेला शब्द कळत नाही. डोळ्यांची भोकं जागेवर राहत नाहीत, मग स्टेजच्या कडेला पाय चुकतो. आणि घाम येऊन मूल चिडतं.

म्हणून आम्ही कपाळावरचा मुखवटा करतो. तुमच्या मुलांनी केलेलेच घ्या, फेकायचे नाहीत. जनावराचं तोंड टोपीसारखं डोक्यावर येईल असं बसवा. हनुवटीकडचा भाग कापून काढा, आतून जुन्या कॅपचा घेर चिकटवा आणि मागे रुंद इलॅस्टिक लावा. बैलाची शिंगं वर, त्याचे डोळे मुलाच्या कपाळाच्या वर आणि मुलाचा चेहरा खाली पूर्ण उघडा. मूल मान खाली घालतं तेव्हा समोरच्याला बैल दिसतो, मान वर करतं तेव्हा मूल. लगदा जड असेल तर आतून थोडा खरवडा.

चेहऱ्याला रंग लावायचा असेल तर लहानांना सफेदा (पांढऱ्या रंगाची पूड) लावू नका. पाण्यानं जाणारा रंग घ्या आणि आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा. नाकाचा शेंडा आणि गालावर दोन रेघा पुरेत, मेंढरू होतं.

त्या न बोलणाऱ्या पोराबद्दल. त्याची टोपी इतरांपेक्षा थोडी पुढे झुकवा, भुवयांपर्यंत, म्हणजे त्याला कडेला बसलेली माणसं दिसणार नाहीत आणि नियमही मोडणार नाही. तालमीत दर वेळी थोडी थोडी मागे सरकवा. आमच्या मंडळात नव्या पोरांना असंच उभं करतात.

वसईची_बार्देशात

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी फादरांना भेटून आले. सासष्टीच्या दादांनी सांगितलं तसं आधी कारण विचारलं. कारण तेच निघालं. मागच्या पॅरिशमध्ये असताना तिथल्या एका कार्यक्रमात मुखवटे घातलेली काही बाहेरची माणसं मुलांच्या घोळक्यात शिरली होती, तेव्हापासून त्यांनी हे मनावर घेतलं आहे. मुलांच्या नाटकाचा विचार नियम लिहिताना झाला नव्हता, असं ते स्वतःच म्हणाले. कासावलीच्या राजांचं सांगितल्यावर त्यांना खूप बरं वाटलं, त्यांनी ते फेस्त लहानपणी पाहिलं आहे.

कपाळावरचा मुखवटा कागदावर काढून दाखवला. ते हो म्हणाले. नोटीस बोर्डावर एक ओळ वाढवायची ठरली, की स्टेजवर नाटक करणाऱ्या मुलांना चेहरा उघडा राहील असा मुखवटा चालेल आणि तो स्टेजवरून उतरताच काढायचा. ती ओळ लेखी यावी असा आग्रह मी धरला, कारण पुढच्या वर्षी नाटक दुसरं कुणी बसवेल आणि तेव्हा पुन्हा हीच चर्चा नको. ख्रिसमस फादर यंदा बिनमुखवट्याचा, कापसाची दाढी हनुवटीखाली, आणि तो पॅरिशमधलाच ओळखीचा माणूस असेल.

इंत्रुजच्या नाचाचा विषय मी काढला नाही. तो मोठ्यांचा आहे, मोठ्यांनी मांडावा.

पेडण्याचे दादा, दोन शंका उरल्या आहेत. उंटाचं तोंड लांब आहे, टोपीवर बसवलं की पुढे झुकतं. मागे वजन घालावं की मान आखूड करावी? आणि लगदा कापल्यावर कडा उसवतात, त्यावर कापडाची पट्टी खळीनं चिकटवली तर घामानं सुटेल का? तालीम शनिवारी आहे.

पेडण्याचा_ड्रेपरीवाला

मान आखूड करा. मागे वजन घातलं तर टोपी पोराच्या डोक्यावरून पाठीमागे सरकते. कडेला खळ नको, फेविकॉल लावा आणि वर जुन्या सुती साडीची पट्टी दुमडून घ्या. एक रात्र वाळू द्या. शनिवारच्या आधी उंट घेऊन पेडण्याला आलात तर मी बसवून देईन, पैसे नकोत.